प्रगतीचा अहवाल ऑक्टोबरात वाचा!

मार्च अखेर झाली की ग्रामीण विकासाच्या कचेऱ्यांमध्ये दोन कामे एकदमच चालतात. सरलेल्या वर्षाचा प्रगती अहवाल लिहायचा आणि येणाऱ्या वर्षाचा आराखडा करायचा. अहवालाला चार रकाने असतात: उद्दिष्ट, साध्य, टक्केवारी, खर्च. घरकुले इतकी, बचत गट इतके, रोजगाराचे मनुष्यदिवस इतके, तलावातून काढलेला गाळ इतके घनमीटर. हा कागद फिरत फिरत तुमच्या ग्रामपंचायतीत येतो, सभेत वाचला जातो आणि वाचून होईपर्यंत मागच्या रांगेतली निम्मी मंडळी पानठेल्यावर पोचलेली असते. शेतकरी बंधूंनो, उठून जाण्याचा दोष मी तुम्हाला देत नाही. आपल्या गावाचे नाव नाही, आपल्या तलावाचे नाव नाही, नुसती तालुक्याची बेरीज माणूस किती वेळ ऐकेल?

मी कृषी खात्यातला माणूस. ग्रामीण विकासवाले वेगळे आणि आम्ही वेगळे, पण गावात आम्ही एकाच पारावर बसतो आणि शिव्याही एकत्रच खातो. चोरखमारा आणि आजूबाजूच्या धानपट्ट्यात फिरताना जे दिसते त्यावरून एक गोष्ट मांडावीशी वाटते. वर्षाचा अहवाल मार्चमध्ये लिहायचा तर लिहा, शासनाचे वर्षच तेव्हा संपते. परंतु गावाने तो ऑक्टोबरात वाचावा, तलावाच्या पाळीवर उभे राहून वाचावा आणि पुढचा आराखडा तिथेच धरावा.

आधी यंत्रणेला तिचे श्रेय देऊ. जिल्हा ग्रामीण विकास यंत्रणा १९८० साली उभी राहिली तेव्हा आपला तिरोडा तालुका भंडारा जिल्ह्यात होता. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचे ते दिवस. कर्ज काढून म्हैस, शेळ्या, शिलाई मशीन. त्या म्हशीच्या गोष्टी जुन्या लोकांना विचारा. कागदावर गाभण असलेली म्हैस गोठ्यात भाकड निघाल्याचे किस्से पूर्व विदर्भात कमी नाहीत. १९९९ च्या एप्रिलात तो कार्यक्रम गेला आणि स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजना आली. एकेकट्या लाभार्थ्याच्या जागी बचत गट आला. पुढच्याच महिन्यात, १ मे १९९९ ला, गोंदिया जिल्हा झाला. २०११ पासून गटांचे काम ‘उमेद’कडे गेले, माविम तर त्याही आधीपासून, १९७५ पासून, महिलांमध्ये काम करीत आलेली. २०१६ पासून घरकुलांना वेग आला. केंद्राने १ एप्रिल २०२२ पासून या यंत्रणेची वेगळी योजना बंद करून कारभार जिल्हा परिषदेत मिसळायला सांगितले. पाटी बदलली तरी काम थांबत नाही, हे आपण सगळेच पाहत आलो आहोत. ग्रामसेवकाचा ग्रामपंचायत अधिकारी झाला, कृषी सहायकाचा सहायक कृषी अधिकारी झाला, तरी गावात हाक जुन्याच नावाने पडते.

यातले बचत गटांचे काम माझ्या मते सगळ्यात खरे. रोवणीच्या दिवसांत घरात पैसा नसतो. तेव्हा सावकाराकडे न जाता गटातून हजार-दोन हजार उचलणारी बाई आज गावोगाव आहे. ही प्रगती कोणीही डोळ्यांनी पाहू शकतो. घरकुलेही दिसतात. म्हणून ‘सगळे कागदावरच आहे’ असे उठसूट म्हणणाऱ्यांत मी नाही.

माझी तक्रार तलावांबद्दल आहे.

आपला जिल्हा तलावांचा. माजी मालगुजारी तलाव, ज्यांना आता सगळे मामा तलाव म्हणतात, ते एकट्या गोंदिया जिल्ह्यात १४०० हून अधिक. बोड्या वेगळ्याच. कोहळी समाजाच्या जाणत्या माणसांनी उतार पाहून, नाल्याला आडवी पाळ घालून हे तलाव बांधले, तेव्हा ना लेव्हल मशीन होते ना अंदाजपत्रक. इंग्रजी अमदानीत सरकारनेही मोठे तलाव बांधले. बोदलकसा १९१७ चा, आपला चोरखमारा १९२३ चा. मालगुजारी १९५१ साली गेली आणि तलाव सरकारजमा झाले. १९६२ ला जिल्हा परिषदा आल्यावर १०० हेक्टरपर्यंत ओलित करणारे तलाव परिषदेकडे आणि मोठे पाटबंधाऱ्याकडे, अशी वाटणी झाली. आज एकाच तलावाचे पाणी एका खात्याचे, मासे दुसऱ्याचे, गाळ तिसऱ्याचा, काठावरची झाडे चौथ्याची. चोरखमाऱ्याच्या तलावाला तर जंगलाची पाठ आहे. नागझिरा १९७० पासून अभयारण्य, २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प. पर्यटकांच्या गाड्या इथल्या गेटातून आत जातात, तलाव पाहून ‘काय सुंदर’ म्हणतात. तलावाखाली ज्यांच्या बांध्या आहेत त्यांचा हिशेब मात्र वेगळा असतो. हस्त कोरडा गेला तर नहरीत पाणी येईल का, हा.

इथे जरा तारखांचा हिशेब करू. भारी धान १४०-१५० दिवसांचे. १० जूनच्या सुमारास पऱ्हे टाकले तर कापणी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात येते. कापणीच्या महिनाभर आधी धान निसवते, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. तेव्हा बांधीत पाणी नसले की लोंब पोचट राहते. चार महिने केलेली मेहनत त्या दहा-बारा दिवसांत जाते. आपल्याकडे पाऊस पडतो सरासरी १२०० ते १३०० मिलिमीटर, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर. निसवणीच्या वेळी तो हात वर करतो. त्या वेळी एक पाणी देण्यासाठीच आपल्या पूर्वजांनी तलाव बांधले. तेव्हा तलावाचे काम चांगले झाले की वाईट, हे ३१ मार्चला कसे कळणार? तलाव त्या दिवशी कोरडा. गाळ काढल्याचे घनमीटर मोजता येतात, फोटो निघतो, देयक निघते. परीक्षा सहा महिन्यांनी असते आणि निकाल आधीच लागून गेलेला असतो.

घनमीटराचाही हिशेब करून पाहा, सोपा आहे. १०,००० घनमीटर गाळ काढला म्हणजे एक हेक्टर जागा एक मीटर खोल झाली. बांधीत पाच सेंटीमीटर पाणी द्यायला हेक्टरी ५०० घनमीटर लागते. म्हणजे ती नवी जागा भरली तर २० हेक्टरला, ५० एकराला, एक पाणी जास्तीचे मिळाले. नहरीत मुरेल ते सोडा. पन्नास एकरांचे धान पोचट होता होता वाचले! फार मोठी गोष्ट आहे ही. पण सगळी गोम ‘भरली तर’ या दोन शब्दांत आहे.

आमच्या भागातल्या एका तलावाचे सांगतो, नाव घेत नाही. उन्हाळ्यात पोकलेन लावून पोट चांगले खोल केले. अहवालात काम शंभर टक्के. पाऊस झाला, शेजारच्या बोड्या भरल्या, हा तलाव निम्म्यावरच. पाळीवर एक म्हातारे शेतकरी भेटले. म्हणाले, “साहेब, पोट मोठं केलं जी, पर तोंडच शिवून टाकलं.” मी येव्याच्या बाजूला चालत गेलो. वरच्या शिवारातून तलावात पाणी आणणारा नाला दोन ठिकाणी बुजलेला. एका जागी धुरा सरकवून बांधी वाढवली होती, दुसरीकडे रस्त्याच्या कामात लहान नळी टाकून मुरूम ओढला होता. रस्ताही कोणाच्या तरी अहवालात शंभर टक्केच असणार.

तलाव म्हणजे नुसता खड्डा समजला की असे होते. वरून येवा, मध्ये पोट, मग पाळ, तुडुम आणि सलंग, खाली नहर आणि पाट. यातले एक बिघडले तरी बाकीच्यांचा उपयोग नाही. सगळा पैसा पोटावर जातो, कारण तिथे मशीन चालते आणि माप निघते. तुडुमाचे गळके दार दुरुस्त करायला खर्च थोडा, म्हणून त्याचे अंदाजपत्रक करायला कोणी बसत नाही. शेवटच्या टोकाचा पाट साफ करायला दहा माणसे आणि दोन दिवस पुरतात, म्हणून ते काम योजनेत बसत नाही. २०१४ ते २०१९ या काळात जलयुक्त शिवार झाले, २०१७ पासून गाळमुक्त धरण-गाळयुक्त शिवार आले, २०२३ मध्ये दोन्हींना नव्याने चालना मिळाली. कामे झाली, काही फार चांगली झाली. परंतु प्रत्येक योजना तलावाच्या एका अवयवाला औषध देते.

वेळेचेही तेच. कामाची मंजुरी निघते मार्चच्या धावपळीत, मशीन येते मे महिन्यात आणि मृग लागला की अर्धा गाळ तलावातच ढीग होऊन बसतो. पहिल्या मोठ्या पावसात तो ढीग पुन्हा खाली. जानेवारी-फेब्रुवारीत, लाखोळी-जवस काढण्याच्या आधीच मंजुरी हातात पाहिजे. उन्हाळी धानाला पाणी द्यायचे की नाही, तेही तेव्हाच ठरवले पाहिजे. एकीकडे पाणी सोडायचे आणि दुसरीकडे तलाव आटण्याची वाट पाहत मशीन उभे ठेवायचे, दोन्ही जमत नाही. त्यासाठी गावाचा ठराव ऑक्टोबरात व्हायला हवा. २ ऑक्टोबरची ग्रामसभा असतेच. ग्रामपंचायत विकास आराखड्याच्या तयारीची देशभरची मोहीमही २०१८ पासून याच तारखेच्या सुमारास सुरू होत आली. धान निसवायला आलेले, तलावात किती पाणी उरले ते समोर दिसते, टोकाच्या बांधीत पोचले की नाही हे ज्याची बांधी आहे तो स्वतः सांगतो. आराखड्यासाठी याहून चांगला दिवस वर्षात दुसरा नाही, आणि आपण त्या दिवशी शाळेच्या वऱ्हांड्यात बसून मागचे इतिवृत्त कायम करतो.

ग्रामपंचायत अधिकारी मित्र म्हणतील, लिहिणे सोपे आहे. उद्दिष्ट वरून येते, माणसे कमी, एकेकाकडे दोन-दोन गावे. खरे आहे. सरपंच म्हणतील, निधी बांधलेला असतो. तेही खरे. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात, म्हणजे २०२१-२२ पासून २०२५-२६ पर्यंत, ६० टक्के निधी पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांसाठीच राखून होता. पण पिण्याच्या पाण्याच्या त्या भागात पावसाचे पाणी साठवणेही बसत होते. तलाव भरला की खालच्या विहिरींना पाणी राहते, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ठराव नीट लिहिला तर निधीच्या अटीतूनही वाट निघते. गाळ काढायचे एका योजनेतून, येवा मोकळा करायचा रोजगाराच्या कामातून, तुडुम लघु पाटबंधाऱ्याकडून, असे तीन तुकडे एका तलावाच्या नावाखाली एकत्र लिहिता येतात. कचेरीच्या भाषेत त्याला अभिसरण म्हणतात. शब्द जड आहे, अर्थ ‘एका चुलीवर तीन भांडी’ एवढाच.

खरी अडचण निधीची नाहीच, असे माझे मत. येव्यावरचे अतिक्रमण ही खरी अडचण आहे. बांधी वाढवणारा आपलाच भाऊबंद, आपलाच मतदार. सरपंच त्याला बोलत नाही, तलाठी मोजणीची वाट पाहतो, मोजणीवाला अर्जाची वाट पाहतो. खालच्या चाळीस शेतकऱ्यांचे पाणी एकाच्या दोन गुंठ्यांत अडकलेले असते. ते चाळीस जण पानठेल्यावर बोलतात, ग्रामसभेत मुके होतात. बंधूंनो, इथे कोणतीही यंत्रणा तुमच्या कामी येणार नाही. चाळिसांनी एकत्र जाऊन त्या एकाला सांगावे. भांडायला नको, येवा दाखवायला म्हणून जावे.

आणि तलाव फक्त धानवाल्यांचा नाही, हेही आराखड्यात दिसले पाहिजे. ढिवर बांधवांची सोसायटी तलावात मासे धरते, कुठे शिंगाडा लावते. आपण तुडुम उघडून तलाव पार रिकामा केला की त्यांचे वर्ष गेले. अर्जुनी मोरगाव तालुक्यात मनीष राजनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ढिवर समाजासोबत जे काम केले ते पाहण्यासारखे आहे. पतिराम तुमसरे यांच्यासारख्या जाणत्या मासेमारांकडून कोणती पाणवनस्पती कुठल्या माशाच्या कामाची, हे समजून घेतले. तलावातली बेशरम उपटली, स्थानिक वनस्पती पुन्हा लावल्या. रोहू, कटला, मृगलचे बीज टाकले की झाली मत्स्यशेती, असा आपला समज. तिथे स्थानिक माशांचीही तेवढीच काळजी घेतली. महिलांचे गट त्या कामात उतरले. असे काम घनमीटरात मावत नाही, म्हणून अहवालात त्याला रकाना नसतो. नवा रकाना काढायला शासनाचा निर्णय लागत असेल. ग्रामपंचायतीच्या वहीत काढायला फक्त पट्टी आणि पेन लागते.

आता माझ्या खात्याचे दोन शब्द, नाहीतर साहेब नुसतेच भाषण देऊन गेले असे व्हायचे. गाळ खरडी-बरडी जमिनीत टाका, कन्हार जमिनीत टाकून खर्च वाढवू नका. ती आधीच भारी. एकरात एक इंचाचा थर द्यायचा तर सुमारे १०० घनमीटर गाळ लागतो. ट्रॉलीत तीन घनमीटर धरले तर ३३-३४ खेपा. भाड्याचा हिशेब आधी करा. २०२३ च्या शासन निर्णयात लहान शेतकऱ्याला गाळ वाहून नेण्यासाठी एकरी १५,००० रुपयांपर्यंत, अडीच एकरांच्या मर्यादेत, मदत ठेवली होती. यंदा काय आहे ते ट्रॅक्टर सांगण्यापूर्वी विचारा. गाळ काढताना पाळीच्या पायथ्याशी खोदू देऊ नका, पाळ खचेल. मुरूम लागला की मशीन थांबवा. तळ फोडला तर पाणी खाली निघून जाते, मग तलाव कितीही खोल असो. पाटाच्या टोकाला ज्यांच्या बांध्या आहेत त्यांनी भारी धानाचा हट्ट सोडावा. ११५ ते १२५ दिवसांचे हलके धान लावले तर ते सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातच, पाऊस असतानाच निसवते. उत्पन्न थोडे कमी येईल, पण पोचट येणार नाही. आणि पऱ्हे २१ ते २५ दिवसांचे असताना रोवणी उरका; तलावाच्या पाण्याची वाट पाहत चाळीस दिवसांचे पऱ्हे लावून मग बियाण्याला दोष देऊ नका.

वैनगंगेचे पाणी उचलून आपल्या भागातल्या तलावांकडे नेण्याची धापेवाडा उपसा सिंचनाची आखणी आहे. ते पाणी आले तर आनंदच आहे. पण नहरी फुटक्या आणि पाट बुजलेले असतील तर वैनगंगाही टोकाच्या बांधीपर्यंत पोचायची नाही.

तर २ ऑक्टोबरला करायचे काय? सरपंचांनी सभेची नोटीस काढताना जागा ‘तलावाची पाळ’ अशी लिहावी. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी मार्चच्या अहवालातली आपल्या गावाची पाने तेवढी आणावीत, तालुक्याची बेरीज नको. तलाठ्यांनी गावनकाशा आणि निस्तार पत्रक आणावे. तलावावर कोणाचा काय हक्क ते त्यात लिहिलेले असते आणि पुष्कळ गावांत ते वर्षानुवर्षे कोणी उघडलेले नसते. ढिवर सोसायटीचा माणूस, बचत गटाच्या दोघीजणी आणि टोकाच्या बांधीचे शेतकरी यांना निरोप आधी द्यावा. येव्यापासून पाटाच्या टोकापर्यंत चालत जावे, वाटेत जे मोडलेले दिसेल ते वहीत लिहावे, आणि तोच आराखडा.

आणि एक काम त्याही आधी, मृग लागण्यापूर्वी. तुडुमाजवळच्या दगडावर किंवा खांबावर फुटाफुटाने रंगाच्या खुणा करा. १ जुलै, १ ऑगस्ट, १ सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर, चार दिवस पाणी कोणत्या खुणेवर होते ते ग्रामपंचायतीच्या शिपायाने वहीत टिपून ठेवावे. घोषणा रंगवून उरलेला अर्धा डबा रंग बहुतेक ग्रामपंचायतींच्या कपाटात पडलेला असतो, तेवढा पुरतो.